वहिनींच्या आवाजात

आमच्या वहिनी आयुष्यात खऱ्या अर्थाने एकदाच चिडल्या, आणि त्या दिवशी समोर मी होतो. एरवी आमच्या घरात चिडायचं खातं माझ्याकडे असतं. ही गोष्ट वहिनींची आहे. मी तिच्यात मध्येमध्ये येतो, कारण नालायकपणा माझा होता आणि तो वगळून ती सांगता येत नाही.

वहिनींनी एकतीस वर्षं बसस्टँडच्या चौकशी खिडकीवर काढली. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक अर्धगोल भोक. आत टेबल, टेबलावर माइक, पाण्याची बाटली आणि वेळापत्रकाची फाईल. फलाट आठ. कुठली गाडी कुठे लागलीय, कुठली उशिरा येतेय, कुठली रद्द झालीय हे त्या दिवसभर सांगायच्या. गाडी रद्द झाली की प्रवासी तिथे येऊन काय काय बोलायचे ते मी स्वतः ऐकलंय. एकाने तर विचारलं होतं, "गाडी काय घरी बांधून ठेवलीय का तुमच्या?" वहिनींनी माइकचं बटण बंद केलं, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, आमच्या दारात तेवढी जागा नाही. तुमची पुढची गाडी सव्वाचारला, फलाट तीन." तो माणूस पुटपुटत का होईना, पण तीन नंबरकडे गेला.

माइकच्या वर त्यांनी एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: घोषणा आधी मनात वाचावी. प्रवाशाला तुम्ही म्हणावे. गाडी रद्द असेल तर कारण सांगावे. खोकला किंवा राग आल्यास बटण बंद करावे. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना घड्याळ दिलं, त्यांनी पुठ्ठा मागून घेतला. सोबत हरवलेल्या वस्तूंची एक कोरी नोंदवहीही आली. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा."

त्यांच्या आवाजाचं वर्णन मला जमत नाही. गोड वगैरे म्हणतात तसा तो नाही. घाईतल्या माणसाला जरा थांबून ऐकावंसं वाटेल असा आहे, एवढं नक्की. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, सांगतो की त्याने आवाज आधी ऐकला आणि बाई नंतर पाहिली. मग सलग आठ दिवस तो खिडकीशी जाऊन, अस्तित्वातच नसलेल्या एका गाडीची चौकशी करत राहिला. आठव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ती गाडी काही सुरू व्हायची नाही. तुमचं दुसरं काही काम असेल तर सांगा." दुसरं काम होतंच. पुढच्या वर्षी लग्न झालं.

साठीच्या आतच दादाचे डोळे गेले. साखरेने नेले. छापखान्यात मुद्रितं तपासून आयुष्य काढलेला माणूस, आणि त्याला पेपरचा मथळाही दिसेना. तो पेपर हातात धरून नुसता बसायचा. मला ते बघवेना. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर बाजारात होती, पण ती आपली भाषा अशी काही वाचायची की दादा म्हणाला, यापेक्षा न वाचलेलं बरं. मग मी स्वतःच एक लिहायला घेतलं. आवाज कोणाचा घ्यायचा हा प्रश्नच नव्हता.

अडगळीच्या खोलीत भिंतींना रजया लावल्या आणि वहिनींनी चार महिने रोज संध्याकाळी दोन तास वाक्यं वाचली. सहा हजार वाक्यं. "डॉक्टर सोमवारी येत नाहीत." "दुधाची पिशवी दारातच आहे." "मला वाटलं तुम्ही विसरलात." त्यातून यंत्र शिकलं, आणि मग कुठलाही मजकूर द्या, वहिनींच्या आवाजात ऐका. पहिल्या दिवशी दादाने अख्खा पेपर ऐकला, निविदांसकट. मग म्हणाला, "घरात एक बायको बोलत होती ते कमी पडलं म्हणून तू दुसरी करून दिलीस." पण त्याचा चेहरा फुलला होता, आणि वहिनी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात गेल्या.

ते सॉफ्टवेअर मी खुलं ठेवलं. म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, सुधारावं, आणि सुधारलेलं आम्हाला परत पाठवावं. दोन वर्षांत चाळीसेक माणसं जमली. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, सगळे टोपणनावाने वावरणारे, आपापल्या नोकऱ्या सांभाळून काम करणारे. आलेला बदल घ्यायचा की नाही हे ठरवायला फाटकावर मी. आणि मी तोंडाचा फटकळ. "हे लिहिताना झोप लागली होती का?" "शाळेतल्या पोराने बरं लिहिलं असतं." असली उत्तरं मी सगळ्यांना दिसतील अशी लिहायचो, आणि वर स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायचो. काम चोख हवं असेल तर गोडगोड बोलून चालत नाही, हे माझं ठाम मत होतं. आपल्या उद्धटपणाला माणूस किती छान छान नावं देतो.

त्यात एक होता, टोपणनाव 'तिसरा मणका'. हे कसलं नाव, असं मला नेहमी वाटायचं. दोन वर्षं तो गुपचूप चांगलं काम करत होता. एका शनिवारी त्याने एक मोठा बदल पाठवला. यंत्राचा आवाज दुप्पट-तिप्पट वेगाने लावता यावा म्हणून त्याने वाक्यांमधले श्वास छाटून टाकले होते आणि अक्षरांचे शेवट घासून बारीक केले होते. मी ऐकून पाहिलं. वहिनींच्या आवाजाची नुसती टकटक झाली होती. माझं डोकंच फिरलं. दादा तर निवांत, हळू वेगाने ऐकायचा. त्याला यातलं एक अक्षर कळलं नसतं. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं:

"आवाजाचं पार वाटोळं केलंय. हे कोणासाठी? घराला आग लागलेल्या माणसाला बातम्या ऐकवायच्या आहेत का? पाठवणाऱ्याने आपलं काम स्वतः एकदा तरी ऐकलंय? कान काय फक्त चष्मा अडकवायला दिलेत? पुन्हा असलं पाठवून माझा वेळ खाऊ नये."

चष्म्याचं वाक्य मला विशेष आवडलं होतं, हे कबूल करतो. पाठवून दिलं आणि चहा प्यायला गेलो.

मी वरच्या मजल्यावर राहतो, दादा-वहिनी खाली. दादा आमच्या मंडळींची सगळी चर्चा यंत्राकडून ऐकायचा, पण कानात इअरफोन घालून. रविवारी सकाळी त्या इअरफोनची वायर तुटली. दादाने यंत्र तसंच, मोठ्याने लावलं. वहिनी शेजारी काकडी चिरत होत्या. आणि त्यांनी आपल्याच आवाजात, आपल्याच स्वयंपाकघरात ऐकलं: कान काय फक्त चष्मा अडकवायला दिलेत?

त्या वर आल्या तेव्हा अर्धी काकडी हातातच होती.

"भाऊजी, मी हे कोणाला म्हटलं?"

मला काही कळेना. मी विचारलं, "काय म्हटलंत?"

"कान चष्मा अडकवायला दिलेत का, असं. आत्ता खाली ऐकलं मी. मीच बोलत होते."

"अहो वहिनी, ते तुम्ही नाही, मी म्हटलंय. तुमचा तर नुसता आवाज."

"नुसता?" वहिनी म्हणाल्या. मग त्या माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि काकडी टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "एकतीस वर्षं लोकांचं ऐकून घेतलं मी त्या खिडकीत. एकदाही उलट बोलले नाही. कोणी शाबासकी दिली नाही आणि मी मागितली पण नाही, पण ती माझी कमाई होती. तुम्ही ती एका दिवसात घालवलीत. मला सांगा, हे किती घरांत ऐकू गेलं असेल?"

यंत्रावर आमची चर्चा ऐकणारे चारशेच्या वर लोक होते.

"म्हणजे मी लोकांच्या घरात शिरून त्यांचा अपमान करते," वहिनी म्हणाल्या. "माझा आवाज मला परत द्या."

मी समजावू लागलो. जे लोकांपर्यंत गेलंय ते परत येत नाही, पण दोन महिन्यांनी नवी आवृत्ती निघेल तिच्यातून आवाज काढता येईल. मात्र मग सॉफ्टवेअर मुकंच होईल. दुसरा आवाज आमच्याकडे नाही. मग दादाचं काय?

"यांना मी वाचून दाखवीन," वहिनी म्हणाल्या आणि खाली गेल्या. काकडी तिथेच राहिली.

दुपारी मणक्याचं उत्तर आलं. "नमस्कार. मी इथे थांबतो. तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा." बस, एवढंच. मी खाली जाऊन म्हटलं, गेला तर गेला, कामाचं बोललं की लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. दादा शांतपणे म्हणाला, "हा कितवा?"

मला माहीत नव्हतं. वहिनींनी कपाटातून ती हरवलेल्या वस्तूंची कोरी नोंदवही काढली.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी दादा आणि वहिनी खाली बसून माझी दोन वर्षांची सगळी उत्तरं ऐकत होते. इअरफोनशिवाय, अर्थातच. आमच्या दोन मजल्यांमधली जमीन पातळ आहे. "झोप लागली होती का," असं वहिनी खालून म्हणत होत्या. "शाळेतल्या पोराने बरं लिहिलं असतं," असं वहिनी म्हणत होत्या. मी खिडकी लावली, रेडिओ लावला, आणि शेवटी चपला घालून बाहेर पडलो. शरम वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

नोंदवहीत अकरा नावं झाली. माझ्या उत्तरानंतर जी माणसं पुन्हा कधी दिसली नाहीत ती. वस्तू, कुठे हरवली, तारीख, परत मिळाल्याची तारीख, असे छापील रकाने होते. पहिले तीन भरलेले, चौथा रिकामा. अकराव्या ओळीत मणका.

"नव्या आवृत्तीपर्यंत दोन महिने आहेत," वहिनी म्हणाल्या. "माझा आवाज राहायला हवा असेल तर आपल्या मंडळींनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम करा. आणि ते आधी तुम्हाला लागू करा. नाहीतर माझा आवाज काढून टाका."

मी वकिली करायला गेलो. म्हटलं, वहिनी, यंत्र तर पेपरातल्या शिव्यासुद्धा तुमच्याच आवाजात वाचतं. त्या म्हणाल्या, "पेपरातलं पेपरवाल्याचं. आपल्या घरातलं आपलं."

नियमांची सुरुवात त्यांनीच केली. पुठ्ठ्यावरच्या चारही ओळी मला लिहून पाठवायला लावल्या. खाली त्यांच्या नावाने एवढंच, की सॉफ्टवेअरमधला आवाज माझा आहे, आणि तो कोणाला दुखवायला वापरला जाऊ नये असं मला वाटतं. चाळीस माणसांपैकी निम्म्यांना तो आवाज खऱ्या बाईचा आहे हेच ठाऊक नव्हतं. मग तीन आठवडे नुसता कल्ला. एकाने लिहिलं, आम्ही इथे काम करायला येतो, पाहुणचार घ्यायला नाही. तो माझी बाजू घेत होता, आणि वाचताना मला वाटलं, अरे बापरे, मी असा दिसतो का. वहिनींनी त्याला उत्तर दिलं, "पाहुणचार नकोच. खिडकी नीट चालावी एवढंच."

शेवटी जे ठरलं ते एका पानात मावलं. चूक कामातली दाखवावी, माणसाची अक्कल काढू नये. बदल नाकारला तर का नाकारला ते सांगावं, गाडी रद्द झाल्यावर सांगतात तसं. नव्याला एकदा तरी कोणीतरी धन्यवाद म्हणावं. तक्रार करायची तर दोन जणांकडे करावी, आणि ते दोघं कोण हे सगळ्यांना माहीत असावं. आणि एक नियम असा, जो मला वाटतं फक्त आमच्याच मंडळींत असेल: कोणालाही उत्तर पाठवण्याआधी ते यंत्राकडून पूर्ण ऐकायचं. नुसतं म्हणायला नाही. ऐकून होईपर्यंत पाठवायचं बटण उघडतच नाही, असं आम्ही ते बसवलं. म्हणजे मीच बसवलं. दोन दिवस खपून स्वतःच्या पायात स्वतःच बेडी घातली आणि ती नीट लागते का तेही तपासलं.

तक्रारी बघायला कोर्टातल्या एक स्टेनोबाई आणि भूगोलाचे एक मास्तर पुढे आले. त्यांनी तिसऱ्या म्हणून वहिनींना विचारलं. वहिनी नाही म्हणाल्या. "पहिली तक्रार माझीच आहे आणि ती माझ्या दिरावर आहे. मी निकालाला बसले तर तो कोणाला पटणार? मला लांबच ठेवा." आणि त्यांनी खरोखरच तक्रार नोंदवली. चार ओळींची. मुळात ही बाई घरात मला वाढते, आणि वाढता वाढता म्हणाली, "तुमची तक्रार केलीय आज. भाजी घ्या अजून."

निकाल आठ दिवसांत लागला. तीन महिने मी फाटकावर बसायचं नाही. कोणाच्याही बदलावर बोलायचं नाही. आणि मणक्याचं काम, जी माणसं कानावर जगतात ती ज्या वेगाने ऐकतात त्याच वेगाने, पुन्हा नीट ऐकून काय ते लिहायचं. माफीबद्दल स्टेनोबाईंनी लिहिलं होतं, "ती आम्ही मागायला लावणार नाही. लावलेली माफी ऐकायला बरी वाटत नाही."

मी भडकलोच. माझं सॉफ्टवेअर आणि मलाच फाटकाबाहेर! खाली जाऊन तणतणलो. दादा म्हणाला, "तुझं? सहा हजार वाक्यं कोणी वाचली?"

मग मी वापरणाऱ्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या वेगाने ऐकता? हा प्रश्न दोन वर्षांत मी कोणाला विचारला नव्हता. ज्याच्यासाठी यंत्र केलं तो भाऊ घरातच होता, मग बाहेर कशाला विचारायचं, असा हिशेब. उत्तरं आली आणि मी गार पडलो. जवळजवळ सगळे अडीचपट, तिप्पट वेगाने ऐकत होते. ज्याला दिवसभर सगळं कानांनीच वाचायचंय तो गोगलगाईच्या चालीने कसा वाचेल? मी डोळ्यांवर रुमाल बांधून बसलो. आठवडाभर ऑफिसातून आलो की तिप्पट वेगाने ऐकायचो. पहिले तीन दिवस नुसता गोंगाट. चौथ्या दिवशी शब्द सुटे व्हायला लागले. मग आमची जुनी आवृत्ती लावली तर आवाज फाटत होता, शब्द एकमेकांवर चढत होते. मणक्याची लावली तर एकेक अक्षर स्वच्छ. त्याने आवाजाचं वाटोळं केलं नव्हतं. आवाज वाचवला होता.

"मग तू का रे हळू ऐकतोस?" मी दादाला विचारलं. मला त्याचाच राग आला होता.

वहिनी बाहेर गेल्यात ना, याची दादाने आधी खात्री करून घेतली. मग म्हणाला, "भरभर ऐकता येतं मला. पण मग हिचा आवाज लवकर संपतो."

मी वर गेलो आणि माफी लिहायला बसलो. नियम म्हणजे नियम, पाठवण्याआधी यंत्राकडून ऐकली. पहिली ऐकताना माझं मलाच हसू आलं, इतकी ती सरकारी होती. दुसरीत मी माझ्या स्वभावाची कहाणीच सांगितली होती. तिसरी वहिनींना ऐकवली. "मला वाईट वाटतं, पण माझा हेतू," इथपर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला. "त्या 'पण'ची गाडी रद्द करा." चौथीत एवढंच राहिलं: तुमचं काम बरोबर होतं, मी ते न समजता तुमचा चारचौघांत पाणउतारा केला, माझं चुकलं. पाठवली.

उत्तर नाही. एक आठवडा नाही, दोन नाही. नव्या आवृत्तीला नऊ दिवस राहिले. मी वहिनींना विचारलं, तुमचं काय ठरलं? म्हणाल्या, "नियम झाले, चांगलं झालं. पण ज्याला लागलंय त्याचं काही कळलं का? ते कळू दे." म्हणजे तलवार अजून टांगतीच होती.

माफी पाठवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी मणक्याचं पत्र आलं. तो एका रुग्णालयात फिजिओ आहे. जन्मापासून दिसत नाही. दिवसभर लोकांच्या पाठी आणि खांदे मोकळे करतो, म्हणून ते टोपणनाव. त्या शनिवारी एक आजी खांद्यासाठी आल्या होत्या. तो त्यांना कौतुकाने सांगत होता की मी मोठ्या कामात आहे, आज माझं काम पास होणार बघा. तेवढ्यात पत्र आल्याचं वाजलं. हात तेलाचे होते आणि मनात अभिमान होता, म्हणून त्याने ते मोठ्याने लावलं. मग आजींनी आणि शेजारच्या दोन खाटांवरच्यांनी ते सगळं ऐकलं. "माझे कान चष्मा अडकवायला लागतात हे खरं आहे," त्याने लिहिलं होतं, "काळा चष्मा आहे. त्याचं मला हसू आलं असतं. पण आजींनी माझा हात थोपटला, ते मला सहन झालं नाही." शेवटी लिहिलं होतं, तुमची माफी मी एकट्याने ऐकली. अपमान एकट्याने ऐकला नव्हता. गुरुवारी अकराला आजींची शेवटची वेळ आहे. तेव्हा ही माफी मोठ्याने लावली तर चालेल का?

मला घाम फुटला. पण म्हटलं, लाव बाबा, चालेल. वहिनींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि मग मान हलवली.

"नाही चालणार."

"आता काय राहिलं, वहिनी?"

"यंत्र लावलं तर माफी मी मागितल्यासारखं होईल. मी काय केलंय? तुमची माफी तुमच्या आवाजात मागा."

गुरुवारी अकराला मी फोन केला. वहिनी शेजारी बसल्या होत्या, पाण्याची बाटली घेऊन. त्याने फोन मोठ्याने लावला. मला तिकडची पंख्याची घरघर ऐकू येत होती, खाट करकरलेली ऐकू आली. मी बोललो. कागद समोर होता, पण वाचता येईना. आवाज घोगरा, त्यात अडखळत. म्हटलं, आजी, त्या दिवशी तुम्ही जे ऐकलं ते मी लिहिलं होतं. यांचं काम पहिल्या दर्जाचं आहे. मला ते कळलं नव्हतं, आणि कळलं नाही म्हणून मी यांना बोललो. माझं फार चुकलं.

मग तिकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "हे गृहस्थ होय ते? मला तर बाई वाटली होती." आणि मणका हसायला लागला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो. बोलतानाही पहिल्यांदाच.

"तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "दोन वर्षं तुमची सगळी उत्तरं मी यंत्रातल्या बाईंच्याच आवाजात ऐकली. तुम्ही किती टोचून लिहायचात ते कळायचं मला. पण तो आवाज ऐकला की वाटायचं, ही व्यक्ती मनाने वाईट नसणार. म्हणून टिकलो. त्या दिवशी तो आवाजही पुरला नाही."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. मी घोटभर पाणी प्यायलो. मग त्यांनी फोन आपल्याकडे ओढला आणि खिडकीतून बोलायच्या तशा म्हणाल्या, "नमस्कार. मी त्या आवाजाची बाई बोलतेय. तुम्ही परत यायचंच असं काही नाही. पण आलात तर आवाज तिथेच असेल."

म्हणजे त्यांचं ठरलं. मला असं, त्याच्याबरोबरच, कळलं.

मणक्याचा बदल शनिवारी पुन्हा आला. तो घ्यायचा की नाही यावर बोलायला मला बंदी होती, म्हणून मी नुसता ऐकत बसलो. मास्तरांनी त्यातल्या दोन चुका दाखवल्या, का चुका आहेत ते सांगितलं, आणि खाली धन्यवाद लिहिलं. मणक्याने त्या तासाभरात दुरुस्त केल्या. नवी आवृत्ती ठरल्या दिवशी निघाली, वहिनींच्या आवाजासकट. दादाने तिप्पट वेगाने एक बातमी ऐकली, छान आहे म्हणाला, आणि वेग पुन्हा खाली आणला. वहिनी तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, का हो? तो म्हणाला, सवय.

संध्याकाळी वहिनी ती नोंदवही घेऊन वर आल्या. अकराव्या ओळीच्या चौथ्या रकान्यात त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली. मला वाटलं, आता ती मिटणार आणि पुन्हा कपाटात जाणार. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, वर माझा फोन ठेवला, आणि पाण्याची बाटली भरून आणायला खाली गेल्या.

"भाऊजी," जिन्यातून त्यांचा आवाज आला, "अजून दहा आहेत."